म्हातारी बोट आणि वालचंद

दरवर्षी ५ एप्रिलला देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. आता आपल्या वडनेरला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. इथून समुद्र बघायचा तर साडेसातशे-आठशे किलोमीटर मुंबईपर्यंत जावं लागतं. चौकात उभं राहिलं तर दिसतात ते नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक. पण आपल्या भागातला कापूस आपल्या कितीतरी आधी समुद्रावर जाऊन आलाय. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या कापूस बाजारात 'हिंगणघाट' हे नाव चालायचं. कापूस बैलगाडीतून निघायचा, मग रेल्वेत चढायचा, मुंबईला उतरायचा आणि तिथून बोटीत. शेतकरी आपला, बैलगाडी आपली, धक्क्यावरचा हमालही आपला. बोट मात्र साहेबाची. भाडं किती घ्यायचं, कुणाचा माल आधी चढवायचा, हे ठरवणारा पण साहेबच.

ही गोष्ट ज्यांना सहन झाली नाही, त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे वालचंद हिराचंद दोशी. सांगलीचं वालचंद कॉलेज तुम्हाला माहीत असेल, इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी तरी ते नाव कानावर पडतंच. रावळगावची चॉकलेटं तुमच्या आईवडिलांनी नक्की खाल्ली असतील. ज्याच्यामुळे ही नावं आपल्यापर्यंत आली, तोच हा माणूस. आणि सागरी दिनाची तारीखही त्यांच्याच एका खरेदीतून आली. ती खरेदी होती एका म्हाताऱ्या आगबोटीची.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातेतलं, दिगंबर जैन, व्यापार आणि सावकारी करणारं. आई लहानपणीच गेली. वडिलांना समाजसुधारणेची ओढ होती. मुलगा कॉलेजसाठी मुंबईला झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कनमध्ये जाऊन आला, पण डिग्री काही हाती लागली नाही. घरच्या पेढीवर बसून कापसाचे, धान्याचे व्यवहार करून पाहिले. त्यात जीव रमेना. मग भेटले लक्ष्मणराव फाटक. हे गृहस्थ आधी रेल्वेत कारकून होते, त्यांना कंत्राटाच्या कामातल्या खाचाखोचा माहीत होत्या, आणि वालचंदांकडे थोडं भांडवल होतं. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. सावकाराचा मुलगा उन्हात उभा राहून मातीचे भराव मोजू लागला, हे पेढीवरच्या मंडळींना कसं वाटलं असेल, कल्पना करा. पण ह्या माणसाला हिशेबाच्या वहीपेक्षा काहीतरी उभं राहताना बघायला आवडायचं. पुढे पहिल्या महायुद्धात बांधकामाची कामं भरपूर मिळाली आणि वालचंद चांगले पैसेवाले झाले.

१९१९ चं वर्ष उजाडलं. महायुद्ध संपलं होतं. वालचंद ३६ वर्षांचे होते. सांगतात ते असं, की रेल्वेच्या प्रवासात एका इंग्रज सहप्रवाशाशी बोलता बोलता त्यांना कळलं, ग्वाल्हेरच्या महाराजांची एक मोठी आगबोट मुंबईत विक्रीला आहे. झालं! रेल्वेचं काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात बोट शिरली. बोटींच्या धंद्याचा अनुभव शून्य. पण महायुद्धात बोटींचा किती तुटवडा पडला होता आणि भाडी कशी आभाळाला भिडली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. मुंबईत येऊन त्यांनी बोट पाहिली, आणि त्यांना ती आवडली.

ती आवडण्यासारखीच होती. थोडं थांबून तिची ओळख करून घेऊ, कारण अशी ठसकेबाज बोट रोज भेटत नाही.

बोटीचं पहिलं नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधली, ऑगस्ट १८९० मध्ये पाण्यात उतरली. मालक होती कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. या कंपनीने कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रूळ टाकले होते, पण रूळ संपले की पुढे पॅसिफिक महासागर. मग लंडनची टपाल आणि प्रवासी कॅनडामार्गे थेट जपान आणि हाँगकाँगला न्यायचे, म्हणून तिने तीन सख्ख्या बहिणी बांधल्या: एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान, एम्प्रेस ऑफ चायना. सगळ्यांत थोरली आपली इंडिया. पांढरीशुभ्र, दोन पिवळसर धुराडी, तीन डोलकाठ्या आणि पुढची नाळ जुन्या शिडाच्या जहाजासारखी निमुळती, पुढे झेपावलेली. वजनाचं माप ५,९०५ टन. खाली दोन पंखे, वेग ताशी १६ नॉटच्या आसपास. टायटॅनिक पाहिलेल्या तुम्हा लोकांना हा आकडा किरकोळ वाटेल, कारण टायटॅनिक ४६ हजार टनांची होती. पण ती आली २१ वर्षांनंतर. १८९१ मध्ये पॅसिफिकवर एम्प्रेसच्या तोडीचं फारसं काही नव्हतं. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाचे साहेब-मडमा, आणि तळाला शेकडोंनी कोंबलेले गरीब मजूर. समुद्रावरच्या थाटामाटाची ही दुसरी बाजू फोटोत येत नाही, ती लक्षात असू द्या.

आता गंमत बघा. जुलै १८९३ मध्ये जपानच्या योकोहामाहून ही बोट कॅनडातल्या व्हँकुव्हरला निघाली, तेव्हा तिच्यावर दोन भारतीय होते. एक तिशीतला संन्यासी, शिकागोच्या धर्म परिषदेला निघालेला, अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडेही नसलेला. दुसरे पन्नाशी ओलांडलेले उद्योगपती. संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद आणि उद्योगपती जमशेटजी टाटा.

टाटांचं नाव निघालं की आपण नागपूरकडे बघायचं. त्यांची पहिली मोठी गिरणी नागपुरात, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. आणि बोटीचं नावही त्याच राणीवरून. आपल्या इकडच्या कापसावर चालणाऱ्या गिरणीचा मालक, गिरणीच्याच नावाच्या बोटीतून चालला होता! त्या वर्षी ते जपानला कशासाठी गेले होते? बोटीच्याच भानगडीसाठी. मुंबईहून चीन-जपानला जाणाऱ्या कापसाचं आणि सुताचं भाडं पी अँड ओ ही इंग्रज कंपनी वाटेल तसं लावायची. टाटांनी एका जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि स्वतःची बोटसेवा सुरू केली. पी अँड ओने भाडं इतकं खाली पाडलं की टाटांना थोड्याच काळात हात टेकावे लागले. जमशेटजींसारखा माणूस हरला, यावरून समोरचा पैलवान केवढा होता ते समजा.

एम्प्रेस मात्र पॅसिफिकवर येरझाऱ्या घालत राहिली. तिने दोनशेहून जास्त वेळा तो महासागर ओलांडला. १९०३ मध्ये एका चिनी युद्धनौकेला धडकली आणि ती युद्धनौकाच बुडाली. पण बोटीचं आयुष्य बैलासारखं असतं, कितीही देखणा असला तरी एक दिवस दावणीला नवा येतोच. १९१३ मध्ये कंपनीने एम्प्रेस ऑफ रशिया आणि एम्प्रेस ऑफ एशिया या दोन नव्या बोटी आणल्या. आकाराने जवळजवळ तिप्पट, वेगानेही पुढे. थोरली बहीण एकदम जुनाट दिसू लागली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. जखमी हिंदी शिपायांसाठी तिचं तरंगतं इस्पितळ केलं. जानेवारी १९१५ मध्ये नाव ठेवलं 'लॉयल्टी', म्हणजे निष्ठा. कुणाबद्दलची निष्ठा, ते सांगायला नको.

तर युद्ध संपल्यावर वालचंद जी बोट बघत उभे होते, ती अशी. २८ वर्षांची. माणसाच्या हिशेबात साठी उलटलेली म्हणा.

एकट्याच्या खिशाला ती झेपणारी नव्हती. वालचंद गेले नरोत्तम मोरारजींकडे. हे मुंबईचे गिरणीमालक, त्यांच्या वडिलांनी सोलापुरात पहिली गिरणी काढलेली, म्हणजे ओळखीचा धागा होताच. शिवाय किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास. चौघांनी ठरवलं, बोट घ्यायची आणि नुसती बोट नाही, कंपनीच काढायची. २७ मार्च १९१९ ला कंपनी नोंदवली गेली, भांडवल साडेचार कोटी रुपयांचं. बोट शिंद्यांकडून आली म्हणून कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. आणि नवव्या दिवशी, ५ एप्रिल १९१९ ला, लॉयल्टी मुंबईहून लंडनला सुटली. आजकाल स्टार्टअपवाले स्पीडच्या गोष्टी करतात, त्यांनी हे नऊ दिवस मोजून बघावेत.

तो काळ आठवा. रौलट कायद्याविरुद्ध देश खवळलेला. पुढच्याच दिवशी, ६ एप्रिलला, गांधीजींच्या हाकेवरून हरताळ होणार होता आणि १३ तारखेला जालियनवाला बाग. त्या आठवड्यात मुंबईच्या बंदरातून हिंदी मालकीची आगबोट विलायतेला निघाली होती. लोकांच्या छात्या फुगल्या नसत्या तरच नवल.

पण मला विचाराल तर धंदा म्हणून ही खरेदी फसलेलीच होती, आणि ते स्पष्ट बोलायला हरकत नाही. जुनी प्रवासी आगबोट म्हणजे घरात हत्ती पोसण्यासारखं. तिची इंजिनं कोळसा खातात, आणि बोट चालली काय, थांबली काय, खर्च चालूच. खलाशी, आचारी, वाढपी, कोळसेवाले अशी मोठी फौज लागते. आत सगळी जागा खोल्यांची आणि दालनांची, म्हणजे माल भरायला कमी. प्रवासी जाताना आणि येतानाही भरून मिळाले तरच गणित बसणार, आणि विलायतेच्या प्रवाशांवर तर इंग्रज कंपन्यांची पक्की पकड. त्यात जहाजाचं वय झालं की दुरुस्तीचा मीटर पळतच राहतो. वालचंदांनी बोटीचं रूप पाहिलं, बाजाराची तेजी पाहिली, पण तिच्या पोटातल्या बॉयलरचं वय त्यांनी पुरेसं मोजलं नाही.

लॉयल्टी फार काळ चालली नाही. मार्च १९२१ मध्ये ती मुंबईत नांगर टाकून उभी राहिली ती राहिलीच. फेब्रुवारी १९२३ मध्ये भंगारात विकली गेली. जिच्या डेकवर विवेकानंद आणि टाटा उभे राहिले होते, ती बोट मुंबईत तोडली.

इथे गोष्ट संपली असती तर वालचंदांचं नाव आज कुणी घेतलं नसतं. पण दरम्यानच्या काळात त्यांना एक गोष्ट उमगली होती. लढाई दिमाखदार प्रवासी बोटीवर जिंकता येत नाही. ती तांदूळ, कोळसा, मीठ, लाकूड असल्या मालावर जिंकावी लागते. रंगूनहून मुंबईला तांदूळ येतो, कलकत्त्याहून कोळसा येतो, आणि हा सगळा आपल्याच किनाऱ्यावरचा माल इंग्रजांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींतून. तेव्हा सिंदियाने मालवाहू बोटी घेतल्या आणि त्या किनाऱ्यावर उतरली.

समोरच्याकडे दोन हत्यारं होती. पहिलं टाटांवर चाललेलं, भाडं पाडायचं. दुसरं जरा हुशारीचं. व्यापाऱ्याला सांगायचं, तुझ्या भाड्यातला काही हिस्सा आम्ही परत देऊ, पण लगेच नाही, काही महिन्यांनी. आणि तोवर एक पोतंही दुसऱ्याच्या बोटीत चढवलंस तर आधीचे सगळे पैसे बुडाले. म्हणजे व्यापाऱ्याचीच रक्कम ओलीस. कुठल्या व्यापाऱ्याची हिंमत होणार सिंदियाला माल द्यायची? असल्या चक्रात त्या काळी आलेल्या कितीतरी देशी बोट कंपन्या संपल्या. तमिळनाडूत चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ मध्ये स्वदेशी बोट कंपनी काढली होती, त्यांना तर तुरुंगही पाहावा लागला.

पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया, दोन्हींचे प्रमुख एकच, लॉर्ड इंचकेप. त्यांनी सिंदिया विकत घ्यायची तयारी दाखवली. वालचंद विकायला तयार झाले नाहीत. पण कंपनीची दमछाक झाली होती, हेही खरं. शेवटी १९२३ मध्ये तह झाला. दहा वर्षांसाठी सिंदियाने ७५ हजार टनांपेक्षा जास्त बोटी ठेवायच्या नाहीत, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनचा किनारा सोडून लांब जायचं नाही, आणि प्रवासी घ्यायचे नाहीत. ज्या कंपनीचा जन्म लंडनला जाणाऱ्या प्रवासी बोटीतून झाला, तिने प्रवासीही सोडले आणि लंडनही. लॉयल्टी भंगारात गेली तेही त्याच वर्षी. वालचंदांना हा तह गुलामीचा कागद वाटायचा. तरी त्यांनी तो पत्करला, कारण मोबदल्यात कंपनी जिवंत राहणार होती. भाडेयुद्धातून टाटा गेले, पिल्ले गेले, सिंदिया टिकली. सही करताना हात थरथरला असेल, पण हा निर्णय मला ती बोट विकत घेण्यापेक्षा जास्त धाडसाचा वाटतो.

मधल्या काळात माणूस स्वस्थ बसला असेल असं समजू नका. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात आज ज्याला वालचंदनगर म्हणतात ते माळरान, दोन्हीकडे ऊस आणि साखर कारखाने. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले आणि सिंदियाची सगळी धुरा वालचंदांवर आली. किनाऱ्यावरची वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. दहा वर्षांचा तह संपल्यावर कंपनी पुन्हा प्रवाशांकडे वळली. १९३७ मध्ये हज यात्रेकरूंसाठी 'एल मदिना' ही नवी बोट आली. युद्धात, १९४४ मध्ये, ती बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवली. कोकणात बोटी नेणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही पुढे सिंदियाच्या हाताखाली आली.

पण दुसऱ्याने बांधलेली, वापरून जुनी झालेली बोट घेण्याचं दुःख त्यांच्या मनातून गेलं नसावं. कारण आता त्यांना बोट बांधायची होती, इथेच, हिंदुस्थानात. कलकत्त्याला जागा मागितली, जमलं नाही. मग विशाखापट्टणम. २१ जून १९४१ ला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. वर्षही झालं नव्हतं तोच एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं. त्याआधी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला विमानाचा कारखाना काढला होता, तो १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच. १९४४ मध्ये मोटारींची प्रीमियर कंपनी. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पुढे त्याच कंपनीतून आली. बोट, विमान, मोटार. एका माणसाच्या आयुष्यात किती गोष्टी मावाव्यात!

१४ मार्च १९४८. विशाखापट्टणमला पंडित नेहरूंच्या हस्ते 'जल उषा' पाण्यात उतरली. आठ हजार टनांची, मालवाहू, स्वतंत्र भारतात बांधलेली. दिसायला एम्प्रेसच्या नखाचीही सर नाही. पांढरा रंग नाही, नाळेचा डौल नाही, दालनं नाहीत. तिचं पोट मात्र मालासाठी मोकळं होतं. त्याच वर्षी सिंदियाने 'जल आझाद' ही प्रवासी बोट आणली आणि मुंबई-इंग्लंड मार्गावर सोडली. २५ वर्षांपूर्वी लॉयल्टीबरोबर बंद पडलेला रस्ता पुन्हा उघडला. पण फार उशीर झाला होता. आता विमानं आली होती, आणि प्रवासी आगबोटींचा जमानाच उतरणीला लागला होता. तीही सेवा पुढे बंद पडली.

वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. बोलणारा, सतत फिरणारा माणूस अंथरुणाला खिळला. १९५० मध्ये त्यांनी कंपनीचं अध्यक्षपद सोडलं. १९५२ मध्ये विशाखापट्टणमची गोदीही सरकारकडे गेली. विमानाचा कारखाना आधीच गेला होता. सिंदिया राहिली, नरोत्तम मोरारजींच्या सूनबाई सुमतीबेन यांनी ती पुढे कित्येक वर्षं चालवली. १९६५ मध्ये कंपनीच्या 'जलदूत' या मालवाहू बोटीतून त्यांनी आणखी एका संन्याशाला अमेरिकेला पाठवलं, ते इस्कॉनचे स्वामी प्रभुपाद. नंतर सिंदियाही खचत गेली.

शेवटचे दिवस वालचंद गुजरातेतल्या सिद्धपूरला होते. ८ एप्रिल १९५३ ला ते तिथेच गेले. तीनच दिवस आधी लॉयल्टीच्या त्या सफरीला ३४ वर्षं पूर्ण झाली होती. ५ एप्रिल हा सागरी दिन म्हणून पाळायला सरकारने सुरुवात केली ती १९६४ मध्ये.